आज्जीला स्वतःला काय आवडायचं? सातारा-सांगलीचे अनुभव

अजिंक्यतारा

मागच्या महिन्यात आज्जीचं वर्षश्राद्ध झालं. जेवणं उरकली, पंगतीतले बाहेरचे लोक गेले आणि घरचे सगळे माजघरात टेकले. आठवणी निघाल्या. काकांनी तिच्या पुरणपोळ्या काढल्या, आत्यांनी तिचे सोळा सोमवार काढले, वडिलांनी तिने सोसलेले हाल. तेवढ्यात चुलतबहिणीच्या मुलीने विचारलं, "पणजीला काय आवडायचं?" कुणीतरी म्हणालं, सगळ्यांना खाऊ घालायला आवडायचं. पोरगी म्हणाली, "ते नाही. तिला स्वतःला?" एवढं मोठं खटलं, पण पटकन कुणालाच सांगता येईना.

मग मला शब्दकोडं आठवलं. दुपारी मागचं आवरलं की ती पेपर घेऊन पडवीत बसायची आणि पेन्सिलीने कोडं सोडवायची. आजोबा कचेरीतून यायच्या आत खोडरबराने सगळं पुसून टाकायची. कारण संध्याकाळी तेच कोडं आजोबा पेनाने सोडवायचे आणि अडले की तिला हाक मारायचे. मग ती कपाळाला आठ्या घालून थोडा वेळ विचार केल्यासारखं करायची आणि शब्द सांगायची. आजोबा शेवटपर्यंत म्हणायचे, "हिला तशी बरी समज आहे."

दासनवमीला सज्जनगड चुकवायची नाही. समाधीचं दर्शन, प्रसाद झाला की बाकीच्या बायका परतीची घाई करायच्या. ही मात्र गडाच्या टोकाला धाब्याच्या मारुतीपाशी जाऊन खाली उरमोडीचं पाणी बघत बसायची. कुणी हाक मारली तर म्हणायची, जप चाललाय. मला आता शंका येते, जप नसावाच.

तर मंडळी, आपापल्या आज्जीबद्दल लिहा. घरसंसार लिहा, देवधर्म लिहा, पण तिचा स्वतःचा नाद कोणता होता तेही लिहा. सातारा-सांगलीपुरतंच ठेवते. 1949 ला जिल्हा तुटला, तरी 1960 पर्यंत सांगलीचं नाव दक्षिण सातारा होतं, आणि आमच्या आज्जीच्या तोंडी ते मरेपर्यंत राहिलं. एकच विनंती : त्यागमूर्ती, वात्सल्यसिंधू वगैरे नको. ते श्राद्धाच्या दिवशी पोटभर झालंय.

मधली आळी

पहिला नंबर माझा. वाईची आज्जी, शिक्षण मराठी चौथी. आजोबा विश्वकोशाच्या कचेरीत कारकून. 1976 ला पहिला खंड छापून आला, तो घरीही आला. पुस्तकांना खाकी कव्हर घालणं हे घरात आज्जीचं काम. कव्हर घालता घालता ती वाचायला लागली. पुस्तक म्हटलं की पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचायचं, एवढंच तिला ठाऊक. पोथी तशीच वाचतात ना! त्यामुळे तिने विश्वकोश सरळ अकारविल्हे वाचायला घेतला.

याचे परिणाम आम्ही पोरांनी भोगले. काही वर्षं आज्जीला अफगाणिस्तानची खडान्‌खडा माहिती होती, पण जपानबद्दल विचारलं तर म्हणायची, "तो खंड यायचाय अजून." 'अ'चं काहीही विचारा. अगस्त्य हा नुसता ऋषी नाही, तारा पण आहे, दक्षिणेकडे दिसतो, हे तिने कृष्णाबाईच्या उत्सवात कीर्तन संपल्यावर बुवांना गाठून सांगितलं होतं. बुवा भला माणूस. दुसऱ्या दिवशी त्यांनी पूर्वरंगात ते घातलं. आज्जी पुढच्या रांगेत बसून मान डोलावत होती.

वाईकरांना सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी : आमच्याकडे घाटाघाटाचा कृष्णाबाईचा उत्सव वेगळा. एका घाटाचा उठला की दुसऱ्याचा बसतो, थंडीच्या अखेरीपासून हे चालू. आपल्या आळीच्या उत्सवात बाईमाणसाला पाट-पाणी, स्वयंपाक, हळदीकुंकू, जीव नकोसा होतो. आज्जी म्हणायची, देवी खरी भेटते ती दुसऱ्यांच्या घाटावर. तिथे नुसतं जायचं, ओटी भरायची आणि मांडी घालून कीर्तन ऐकायचं. कुणी "जरा पानं मांडा" म्हणत नाही.

गलाईवाला

धागा चांगलाय, पण मला जरा टोचलं. आमची आज्जी खानापूर तालुक्यातली, विट्याजवळच्या वाडीची. आज्जा गलाईच्या धंद्यात, आंध्रात. सोनं-चांदी गाळायच्या भट्टीवर आयुष्य गेलं त्याचं. वर्षातून एकदा जत्रेला यायचा. इकडे आज्जी, चार पोरं, दोन म्हसरं, कोरडवाहू रान आणि अंथरुणाला खिळलेली सासू. पहाटे उठून दळण, मग पाणी, मग रान, मग रात्री भाकरी. छंदाला वेळ लागतो भाऊ. तो तिच्याकडं नव्हता. देवाला सुद्धा ती येता-जाता हात जोडायची, उभ्याउभ्या. ज्यांच्या आज्ज्या दुपारी पडवीत बसायच्या त्यांचं ठीक आहे.

अजिंक्यतारा

गलाईवाला, मुद्दा मान्य. पण एकदा घरात कुणा म्हाताऱ्या माणसाला विचारून बघा. आम्हालाही आधी काही आठवलं नव्हतं.

माणगंगा

गलाईवाला दादा, आमचीबी तुमच्या आज्जीसारखीच. म्हसवडच्या पुढची, माण तालुका, म्हणजे दुष्काळ पाचवीला पुजलेला. पण सांगू का, कामातच नाद असायचा त्यांचा.

बहात्तरच्या दुष्काळात आज्जी खडी फोडायला होती. पाझर तलावाचं काम निघालं होतं. पोरांना सुकडी मिळायची आणि रेशनला तांबडा मिलो. त्याची भाकरी थापताना फाटायची आणि खाताना घशात अडकायची. आज्जी म्हणायची, "अमेरिकेची जनावरं खात्यात म्हणं ती जवारी. आमीबी खाल्ली. जगलो." त्या खडीवर बसून तिने ओव्या जुळवल्या. आधी जात्यावर म्हणायची त्या सगळ्या ऐकीव, आईकडून आलेल्या. या मात्र तिच्या स्वतःच्या. आमच्या चुलतीला पाठ आहेत, तिच्याकडून एक घेतली :

दुस्काळाच्या सालामंदी दगूड फोडिते घणानं
मुकादमाची गं वही भरली माझ्या घामानं

मुकादमानं ऐकली म्हणे. तो हजेरी मांडताना दोनचार दिवस वरमून होता, मग परत पहिल्यासारखा.

पुढं म्हातारपणी ती चातीवर लोकर कातायची. हात रिकामा बघवायचा नाही तिला. मार्गशीर्षात सिद्धनाथाच्या रथाला आम्हाला घेऊन जायची. गर्दीत पोरं हरवू नयेत म्हणून सगळ्यांच्या कमरेला एकच सुतळी बांधायची आणि टोक आपल्या हातात धरायची. लोकं हसायची. आम्ही सगळे परत घरी आलो एवढं खरं.

वाकळा शिवायची ते लिहीत नाही, सगळ्यांच्याच आज्ज्या शिवायच्या. पण एक सांगतो. तिच्या वाकळेत आज्ज्याच्या फेट्याचा तुकडा नेहमी पायथ्याला असायचा. का विचारलं तर म्हणायची, "आता तरी पायाशी ऱ्हाऊ दे."

नीराकाठ

😂 माणगंगा, तुमच्या आज्जीच्या पाया पडते मी!

आमची आज्जी तरडगावची. माउलींची पालखी लोणंद सोडून चांदोबाच्या लिंबाला आली, की उभं रिंगण. तिथून आमच्याकडे मुक्काम. आज्जीच्या घरी ठरलेली दिंडी उतरायची. तिचा खरा आनंद त्यांना जेवू घालण्यात होता असं लिहिणार होते, पण धागाकर्तीचा नियम आहे. तर खरं सांगते. त्या दिंडीत पलीकडच्या जिल्ह्यातली एक बाई यायची, वयाने आज्जीएवढीच. दोघी रात्री ओसरीवर बसून सुनांच्या कागाळ्या करायच्या. वर्षभराच्या साठवलेल्या. पहाटे दिंडी निघाली की आज्जी मोकळी मोकळी दिसायची.

गावभाग

सांगली. घर गावभागात, घाटापासून हाकेच्या अंतरावर. आमच्याकडे पावसाळ्यात एकमेकांची खुशाली विचारत नाहीत, "आयर्विनला किती?" असं विचारतात, म्हणजे कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी किती फूट. 40 फूट म्हणजे इशारा, 45 म्हणजे धोका, हे पोरांना पाढ्यांच्या आधी पाठ होतं. आयर्विन पूल 1929 चा आणि आज्जीचा जन्मही त्याच सालचा. पुलाचा विषय निघाला की म्हणायची, "माझ्या बरोबरीचा आहे तो. त्याची डागडुजी करतात, माझी कुणी करत नाही."

तिचा नाद म्हणजे नोंदी. देवघराच्या दाराच्या आतल्या बाजूला, चौकटीच्या शेजारी भिंतीवर पेन्सिलीच्या रेघा. पाणी घरात आलं की ओसरल्यावर जिथपर्यंत ओल तिथे रेघ, आणि पुढे तिथी. तारीख नाही, तिथी. घराला रंग द्यायची वेळ आली की रंगाऱ्याला तेवढा हातभर पट्टा सोडायला सांगायची. वडिलांना ते विद्रूप वाटायचं. दरवेळी भांडण. दरवेळी पट्टा राहायचा.

2005 ची रेघ माझ्या छातीएवढी. तेव्हा सगळे म्हणाले, एवढं पाणी परत येणे नाही. 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 57 फुटांच्या वर गेलं. आज्जी नव्वदीची. बोटीतून काढली. एका हातात बाळकृष्ण, दुसऱ्या हातात ट्रान्झिस्टर, आणि बोटीतल्या पोरांना विचारतेय, "अरे तुमच्या वल्ह्याने बघा जरा, तळ लागतो का?" ती पोरं कुठून कुठून आलेली, दोन दिवस झोपलेली नव्हती, पण हसली.

पाणी उतरल्यावर घराची दशा काय होती ते लिहीत नाही. सांगलीकरांना माहीत आहे. गाळाचा वास अजून नाकात आहे. सगळे गाद्या-धान्य बाहेर फेकत होते आणि आज्जीचा एकच धोशा, आधी रेघ मारा, भिंत वाळली की कळणार नाही. शेवटी मी स्टूल घेऊन चढलो. ती खालून, "अजून वर, अजून वर." श्रावणातली तिथी तिने स्वतः सांगितली. जुन्या रेघा पुसट झाल्या होत्या, त्या तिने माझ्याकडून गिरवून घेतल्या.

ट्रान्झिस्टरचं सांगायचं राहिलं. सांगली आकाशवाणी 1963 ला सुरू झाली, तेव्हापासूनची ती श्रोती. नुसती ऐकणारी नव्हे, पत्र पाठवणारी. पोस्टकार्डावर बारीक अक्षरात तक्रारी : अमुक निवेदक शब्द खातो, तमुक अभंग अर्धाच लावला. एखादं पत्र कार्यक्रमात वाचलं गेलं की दिवसभर घरात कुणालाही ओरडायची नाही.

देव म्हणाल तर संकष्टीला संस्थानच्या गणपतीला पायी. पण तिचा लाडका चोर गणपती. चतुर्थीच्या आधी गाजावाजा न करता येऊन बसतो तो. तिला विचारलं, तोच का? म्हणाली, "त्याच्यासाठी मोदक नाहीत करावे लागत."

समडोळी

गावभागचं वाचून आमच्या आज्जीचं आठवलं, थोडक्यात लिहितो. आम्ही जैन, शेतकरी. 1924 साली शांतिसागर महाराजांना आचार्यपद आमच्या समडोळीत मिळालं. आज्जी तेव्हा जन्मलेली सुद्धा नव्हती, पण सांगायची अशी की जणू पहिल्या रांगेत बसली होती. पाणी उकळून गाळून, कंद वर्ज्य, दिवस मावळायच्या आत जेवण, यात कधी फरक नाही.

नाद होता सिनेमाचा. सहा-साडेसहाचा खेळ असला की पाचलाच जेवून चूळ भरून तयार. सांगलीला टॉकीजमध्ये मध्यंतरात आम्ही पोरं वडे खायचो आणि ती पदराचा शेव तोंडाशी धरून बसून राहायची. म्हणायची, "नियम तोंडाला आहे, डोळ्यांना नाही." पर्युषणात मात्र सिनेमाही बंद. अनंत चतुर्दशी झाली की दुसऱ्या दिवशी पेपरात कुठे काय लागलंय ते बघायला लावायची.

वसनाकाठ

मी थोडं वेगळं लिहिते. सगळ्याच आज्ज्या गोड नसतात.

आमची आज्जी, कोरेगावच्या बाजूची, गोंदवलेकर महाराजांची निस्सीम भक्त. जपाच्या वह्या भरलेल्या. 'श्रीराम जय राम जय जय राम' अखंड तोंडात. आणि त्याच तोंडाने आईला जे बोलायची ते इथे लिहिण्यासारखं नाही. आई माहेरून काय घेऊन आली नाही इथपासून सुरुवात. सोवळं इतकं की आईला ताप असला तरी ओल्या लुगड्याने स्वयंपाक. आज्जीने कधी घरात कोथिंबिरीची जुडी निवडली नाही. पाटावर बसून हुकूम.

वर्षातून दोन-तीनदा ती गोंदवल्याला राहायला जायची. मी आठवी-नववीत असताना मला सोबत म्हणून पाठवलं. तिथे येईल त्याला प्रसादाचं जेवण असतं, त्यामुळे मुदपाकखान्यात कायम काम असतं आणि बायाबापडे सेवेला बसतात. आज्जी पहिल्याच दिवशी भाजी निवडायला बसली. मेथीचे ढीग. तासन्‌तास. शेजारी कुणी अनोळखी बाई, तिची कंबर दुखते म्हटल्यावर आज्जी म्हणाली, "तुम्ही टेका जरा, तुमच्या वाट्याची मी करते." मी बघतच राहिले. संध्याकाळी ती बायकांना भजनं शिकवत होती. गळा चांगला होता तिचा. घरी तिला गाताना मी एकदाही ऐकलं नव्हतं.

आल्यावर मी आईला हे सांगितलं. मला वाटलं, आईला बरं वाटेल. आई भाकरी थापत होती, ती थापतच राहिली. म्हणाली, "तिथं तिला कुणी सासू म्हणून ओळखत नाही ना."

आज्जीचं लग्न तेराव्या वर्षी झालेलं. तिच्या सासूने तिला गाण्यावरून मारलं होतं, हे मला फार नंतर आत्याने सांगितलं. हे सांगून मी तिची बाजू घेत नाही. आईने तिला माफ केलेलं नाही आणि ते आईचं आईने बघावं. शेवटची दोन वर्षं तिचं सगळं अंथरुणात होतं, ते आईनेच केलं. धागाकर्तीने नाद विचारलाय म्हणून लिहिलं. आज्जीचा नाद गाणं होता.

मधली आळी

वसनाकाठ, लिहिलंत ते फार बरं केलंत. आमच्या विश्वकोशवाल्या आज्जीनेही माझ्या काकूला नोकरी करू दिली नव्हती. तेही लिहायला हवं होतं, आता लिहिलं.

बेदाणा

तासगाव. आज्जी रथाचा दोर ओढायची! ऋषिपंचमीला आमच्या उजव्या सोंडेच्या गणपतीचा रथ निघतो, काशीविश्वेश्वराच्या देवळापर्यंत जातो आणि परत येतो. गुलाल, पेढे, खोबरं उधळतात. बायका माडीवरून बघतात, ही खाली. काठपदराच्या लुगड्याचा काष्टा घट्ट मारून. वयाच्या सत्तरीपर्यंत. बाकी वर्षभर बेदाण्याच्या शेडवर निवडायला. एक खराब मणी सुटायचा नाही. चष्मा नव्हता.

वाडीची_शिलाई

किर्लोस्करवाडीत वाढलेली आज्जी. 1930 ला 'स्त्री' मासिक वाडीतून निघालं, ते तिच्या आईकडे यायचं. आज्जीला त्याच्यावरच वाचायची गोडी लागली. लग्न झालं बाहेरगावी, मासिक सुटलं, पण त्यातले विणकामाचे नमुने तिने वहीत उतरवून नेले होते. पुढे शिलाई मशीन घेतलं, गावातल्या निम्म्या बायकांची पोलकी शिवली. पैसे घ्यायची, फुकट नाही. आजोबांना कमीपणा वाटायचा. ती म्हणायची, "तुम्हाला वाटतो तेवढा वाटून घ्या."

मिरजमळा

आमची दादी. मिरज, दर्ग्याच्या मागे घर. दादा सतारमेकर गल्लीत कामाला. मंगळवेढ्याकडून भोपळे यायचे वाळलेले, ते अंगणात रचलेले असायचे. दादी येता-जाता टिचकी मारून सांगायची, हा तंबोऱ्याचा, हा सतारीचा, हा फुटणार. दादा वरवर रागवायचे आणि भोपळा बाजूला ठेवायचे.

पाच वेळची नमाज, रमजानचे रोजे, सगळं काटेकोर. आणि गाण्याचं वेड. बाहेरगावच्या लोकांना हे दोन्ही एकत्र कसं असं वाटतं, मिरजेत कुणाला वाटत नाही. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ 1937 ला गेले, त्यांची मजार आमच्या मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारातच आहे. उरुसात चिंचेच्या झाडाखाली संगीत सभा होते, रात्र-रात्र. दादी बायकांच्या बाजूला क्रोशाची सुई घेऊन बसायची. तिची परीक्षा अशी : गाणं चालू असताना जाळी भराभर विणून झाली, तर गाणं बेतास बात. हात थांबला, तर गाणं. सकाळी आम्ही जाळी बघून विचारायचो, रात्री कोण चांगलं गायलं? ती एखाद्या जागेवर बोट ठेवून म्हणायची, "यहाँ देख. इथं मी दोन तास एक टाका घातला नाही."

तीच जाळी पुढे चादरीला लागायची. उरुसातला पहिला गलेफ, म्हणजे मजारीवर चढवायची चादर, चर्मकार समाजाचा, हा मिरजेचा जुना रिवाज. त्या घरांतल्या बायकांशी दादीचं येणंजाणं होतं. शेजारच्या काकू आषाढीला छोट्या गाडीने, म्हणजे बार्शी लाईटने, पंढरपूरला निघाल्या की दादी उपासाचं करून द्यायची. शेंगदाण्याचे लाडू. वर सांगायची, "तुमच्या विठोबाला म्हणावं, माझ्या गुडघ्याचं बघ जरा." काकू आल्यावर विचारायची, सांगितलंत का?

आता नॅरोगेज गेली, काकू गेल्या, दादी गेली. जाळ्या माझ्याकडे आहेत. बहिणी मागतात, मी देत नाही.

हेळवाक

कोयनेची आज्जी. धरणात गाव गेलं, वर डोंगराला घर बांधलं, तर 11 डिसेंबर 1967 ला पहाटे चारच्या पुढे भूकंपाने तेही पडलं. आज्जी मोठ्या मुलाला आणि शेळीला घेऊन बाहेर पडली. त्यानंतर ती थंडी असो की पाऊस, दाराच्या तोंडाशीच झोपायची, पाय बाहेर.

नाद? उन्हाळ्यात शिवसागराचं पाणी उतरलं की जुन्या गावाचे चौथरे उघडे पडायचे. तिला तिथं न्यावंच लागायचं. मग काठी टेकत एका टोकापासून सुरू : हे अमक्याचं, इथं तमक्याची पडवी, ही आमची वईल, हा देवीचा पार. ओल्या गाळात नुसते दगड. आम्हाला काही दिसायचं नाही. तिने पाराच्या जागी नारळ फोडला की परत.

गलाईवाला

आलो परत. धागाकर्तीच्या सांगण्यावरून काल आत्याला फोन केला. म्हटलं, आज्जीला काही नाद होता का गं? आत्या आधी गप्प. मग म्हणाली, "आता ती नाही, सांगते. पण तुझ्या बापाला सांगू नको."

आज्जी तमाशा बघायची!

जत्रेला तमाशाचा फड यायचा. काळू-बाळूंचा, कवलापूरचा, म्हणजे आमच्या जिल्ह्याचाच. बायकांनी तिकडं जायचं नाही हे ठरलेलं. आज्जी पोरांना झोपवायची, सासूला औषध द्यायची, आज्ज्याचं जुनं घोंगडं डोक्यावरनं घ्यायची आणि कनातीच्या मागं बैलगाड्या सोडलेल्या असायच्या त्यातल्या एका गाडीत जाऊन बसायची. सोबत शेजारची एक. आत्या लहान होती, एकदा जागी होती म्हणून तिलाही न्यावं लागलं. आत्या म्हणते, लावणीच्या वेळी आज्जी नुसती बसून होती, पण वग सुरू झाला आणि ते दोघं जुळे भाऊ बोलायला लागले की तोंडात पदर कोंबून हसायची, गाडी हलायची. आज्जा त्याच तमाशाला पुढं बसलेला असायचा. वर्षातून एकदा गावी आलेला. नवरा-बायकोनं एकच तमाशा दोन बाजूंनी बघितला आणि दोघांनी एकमेकांना सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी रानात ती शेजारणीला वगातले संवाद करून दाखवायची. दोन्ही भावांचे आवाज काढून.

माझं आधीचं बोलणं मागे घेत नाही. वेळ नव्हताच तिच्याकडं. जत्रेची एक रात्र सोडून.

अजिंक्यतारा

गलाईवाला, तुम्ही धागा वसूल केलात. वडिलांना सांगू नका फक्त!

कृष्णा_कोयना

कऱ्हाडहून. मी नातू टाइप करतोय, आज्जी शेजारी बसून सांगतेय. वय 78. धागा तिला वाचून दाखवला. तिचे शब्द जसेच्या तसे :

"सगळ्यांनी मेलेल्या बायांचं लिहिलंय. मी आहे अजून, माझं लिही. रोज सकाळी प्रीतिसंगमावर जाते. देवाला नाही, चालायला. चव्हाणसाहेबांच्या समाधीपाशी आमचा सहा जणींचा कट्टा आहे. कृष्णाबाईला शुक्रवारी जाते. उपास सगळे सोडले, डॉक्टरनं साखरेचं सांगितल्यापासून. आधी भीती वाटली, मग काही झालं नाही. एकादशीला भगर खाते पण, आवडते म्हणून.

नाद दोन. एक भिशी. दुसरा मोबाइलवरचा लुडो. नातसून अमेरिकेतून खेळते, मी इथून. ती हरते, मुद्दाम हरती का बघते मी, पण नाही, खरंच हरते. पुस्तकं वाचायचे आधी, आता डोळे दुखतात. मोतीबिंदूचं ऑपरेशन दिवाळीनंतर करायचंय, तोवर हा वाचून दाखवतो. त्या 'वाडीची शिलाई' नावाने लिहिलेल्या बाईला विचार, 'स्त्री'तल्या नमुन्यांची ती वही अजून आहे का. असली तर फोटो टाकायला सांग. मला गोल रुमालाचा एक नमुना हवाय, माझ्या आईकडे होता, मला मधली फेरी आठवत नाही.

आणि त्या वसनाकाठच्या पोरीला विचार, आईला गाणं येतं का तिच्या."

एवढं सांगून ती उठली. भिशीच्या बायका आल्यात.

वाडीची_शिलाई

वही आहे! आत्याकडे इस्लामपूरला. रविवारी जाऊन फोटो काढते. गोल रुमालाचे तीन नमुने आहेत बहुतेक, सगळे टाकते. आज्जींना सांगा, मधल्या फेरीत साखळीचे टाके किती ते पान थोडं फाटलंय, तेवढं त्यांनीच जुळवावं.